पैठणी आणि कोर्टातली टॅपेस्ट्री

आजीची पैठणी गेल्या दिवाळीत उघडली आणि घडीवरच चिरली. ना कुणी ओढली, ना कसर लागली. वीस वर्षं एकाच घडीत राहिली, एवढंच. तेव्हापासून मी जुन्या विणलेल्या कापडांबद्दल मिळेल ते वाचत सुटले आणि वाचता वाचता पोहोचले थेट चंडीगडला.

तिथलं हायकोर्ट ल कॉर्बुझिए यांनी बांधलं, १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. भिंती उघड्या काँक्रीटच्या. अशा खोलीत आवाज घुमतो, वकील काय बोलतोय ते कळत नाही. त्यावर कॉर्बुझिए यांनी उपाय काढला लोकरीचा! भिंत झाकणाऱ्या नऊ टॅपेस्ट्री त्यांनी स्वतः रेखाटल्या आणि काश्मीरच्या विणकरांनी त्या विणल्या. मुख्य न्यायमूर्तींच्या कोर्टातली १४४ चौरस मीटरची, म्हणजे जवळपास साडेपंधराशे चौरस फूट. बाकीच्या आठ प्रत्येकी ६४ चौरस मीटरच्या. टॅपेस्ट्रीला ते ‘भटकं भित्तिचित्र’ म्हणत. घर बदललं की गुंडाळून न्यावं असं. काही न्यायाधीशांना मात्र ती ठसठशीत चित्रं मुळीच रुचली नव्हती.

एवढं लोकरीचं कापड जपायचं कसं? पहिला शत्रू त्याचं स्वतःचंच वजन. वर्षानुवर्षं टांगून ठेवलं की वरच्या धाग्यांवर ताण येतो. म्हणून संग्रहालयात मागे सुती किंवा लिननचं अस्तर शिवतात, कमजोर जागा बारीक टाक्यांनी त्या अस्तराला धरून ठेवतात आणि वरच्या पूर्ण काठाला वेल्क्रोची पट्टी लावतात, म्हणजे भार दोन-चार खिळ्यांवर न येता सगळीकडे वाटला जातो. धूळ काढायची ती मऊ जाळी ठेवून, अगदी हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने. धुणं शेवटी, तेही प्रत्येक रंग सुटतो का ते तपासून. प्रकाश साधारण ५० लक्सच्या आत, कारण उडालेला रंग परत येत नाही.

पण चंडीगडची अडचण वेगळीच आहे. संग्रहालयातली वस्तू थकली की अंधाऱ्या कोठीत विसावा घेते. कोर्टातली टॅपेस्ट्री कामावर असते. ती उतरवली तर आवाज पुन्हा घुमणार. ठेवली तर धूळ, उजेड आणि माणसांची वर्दळ रोजचीच. २०१६ मध्ये हा सगळा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, म्हणजे जबाबदारी आणखी वाढली. मला विचाराल तर ती तिथेच, त्याच भिंतीवर असावी. आवाज शोषत नसेल, तर ती निम्मीच उरली.

आता आपल्या कपाटाकडे. पैठणीचे काठ-पदर टॅपेस्ट्रीच्याच पद्धतीने विणतात, म्हणून तर पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तेव्हा नियमही तेच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढा, धुतलेल्या मलमलीत ठेवा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. जागा असेल तर घडीच नको, जाड नळकांड्यावर मलमल गुंडाळून त्यावर साडी गुंडाळा.

आजीची पैठणी आता तशीच आहे, माझ्या पलंगाखाली. चिरलेल्या जागी मागून रेशमी तुकडा लावून घेतलाय. आई रोज विचारते, “कपाटात जागा नव्हती का गं?”