बोगद्यातले यंत्र, जबाबदारी कुणाची?

बोगदा खणणाऱ्या यंत्राचे (टीबीएम) सुकाणू संगणकाच्या हाती द्यावे, असे माझे मत आहे. पण सरसकट नव्हे. क्वालालंपूर मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेवर ‘एमएमसी गामुडा’ या कंपनीने 2019 मध्ये स्वयंचलित टीबीएम वापरले. दिशा, पुढे रेटणाऱ्या जॅकचा जोर, खोदाईच्या तोंडाशी राखायचा दाब या गोष्टी चालक एरवी पडद्यावर पाहून, अनुभवाच्या अंदाजाने सांभाळतो. एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू झाली की हातही बदलतो. संगणक मात्र चूक वाढण्याआधीच, थोडी थोडी आणि सातत्याने दुरुस्ती करत राहतो. मुंबईच्या ‘मेट्रो 3’साठी 17 यंत्रे जमिनीखाली होती. इतके कसलेले चालक एकाच वेळी आणायचे कुठून?

जमीन दगा देते तेव्हा संगणक काय करणार, हा आक्षेप मात्र खरा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोलकात्याच्या बऊबाजारमध्ये मेट्रोचा बोगदा खणणारे यंत्र जलधर थरात शिरले, पाणी आत घुसले आणि वरच्या जुन्या इमारती तडकल्या, काही कोसळल्या. जमिनीची आगाऊ तपासणीच अपुरी असेल, तर ती उणीव कोणताही प्रोग्रॅम भरून काढणार नाही. तेव्हा स्वयंचलनामुळे वाचलेला पैसा आधी पुढच्या जमिनीच्या चाचपणीवर खर्चावा. शिवाय यंत्राची प्रत्येक नोंद कंत्राटदाराच्या कपाटात न राहता सार्वजनिक प्राधिकरणाकडे थेट जायला हवी. अपघातानंतर ‘प्रणालीने ठरवले’ हे उत्तर चालणार नाही. थांबवण्याचा अधिकार कुणाकडे होता, हे निविदेतच नावानिशी लिहिलेले असावे.