क्रेफिशच्या टाकीला पक्कं झाकण हवंच

घरच्या टाकीत क्रेफिश पाळणाऱ्याने झाकणाची हयगय करता कामा नये, कारण इथे सुटलेल्या जिवाची किंमत फक्त मालक मोजत नाही. दोन दणकट नांग्या आणि लांब मिशा असलेला हा गोड्या पाण्यातला जीव मुळात भारतातला नाही. आपल्या नद्यांत खेकडे आणि झिंगे आहेत, क्रेफिश नाही. शोभेच्या माशांच्या बाजारातून आणि ऑनलाइन विक्रीतून मात्र तो आता कुठल्याही गावात मागवता येतो. बीडसारख्या, पाण्याच्या भरवशावर वर्ष ठरणाऱ्या जिल्ह्यात त्याला घरात नीट बंदिस्त ठेवणं हे सार्वजनिक कर्तव्य मानलं पाहिजे.

मासा उडी मारतो, क्रेफिश चढतो. काच गुळगुळीत असल्याने ती त्याला चढता येत नाही, पण एअर पंपाची नळी, फिल्टरचा पाइप, हीटरची वायर किंवा काठापर्यंत पोचलेली वनस्पती धरून तो रात्रीतून वर येतो. कल्ले ओले आहेत तोवर तो पाण्याबाहेरही तासन् तास जगतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की त्याची ही धडपड वाढते, आणि बीडमध्ये हा धोका जास्त आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात वीज गेली की पंपही बंद पडतो. म्हणून झाकण जाळीचं हवं, क्लिपांनी घट्ट बसवलेलं हवं आणि नळी-वायरसाठी ठेवलेल्या फटी स्पंजने बुजवलेल्या हव्यात. पाण्याची पातळी काठापासून चार बोटं खाली ठेवावी. पंपाला बॅटरीची सोय केली तर उत्तमच. पाणी बदलताना तर अधिक जपायला हवं. मादीच्या पोटाखाली चिकटलेली पिल्लं काही मिलिमीटरचीच असतात. सुटी झाली की ती उपसलेल्या पाण्याबरोबर सहज वाहून जातात. ते पाणी दाट फडक्यातून गाळून कुंडीत ओतावं, नालीत कधीच नाही.

कारण नालीतलं पाणी तिथेच थांबत नाही. बीड शहरातले नाले बिंदुसरेला मिळतात, बिंदुसरा सिंदफणेला, सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे आणि तिथून पुढे गोदावरी. परका जलचर एकदा पसरला की मागे घेता येत नाही, हे आपण चिलापीच्या बाबतीत पाहिलं आहे. १९५२ मध्ये देशात आणलेला हा मासा आज धरणाधरणांत आहे. आफ्रिकन मांगूरवर २००० साली बंदी आली, तरी त्याची चोरटी पैदास अजून पकडली जाते.

इथल्या उन्हात आणि दुष्काळात परका क्रेफिश टिकेलच कसा, अशी शंका घेतली जाते. लाल दलदली क्रेफिशने तिचं उत्तर स्पेनमध्ये दिलं आहे. १९७०च्या दशकात शेतीसाठी म्हणून तो दक्षिण स्पेनमध्ये, सेव्हिलजवळच्या दलदलीत आणला गेला. तिथले उन्हाळेही कडक आणि कोरडे असतात. पाणी आटलं की तो ओल्या मातीत बीळ करून राहतो, आणि याच बिळांनी तिथल्या भातखाचरांचे बांध व पाटचाऱ्या पोखरल्या. पाझर तलाव, मातीचे बांध आणि कालवे यांवर उभ्या असलेल्या शेतीला हा इशारा पुरेसा आहे. शिवाय तो पाणवनस्पती, माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातो. म्हणजे धरणात जाळं टाकून पोट भरणाऱ्या मच्छीमारांच्या ताटावरही त्याचा डोळा असतो. एकटा सुटला तर काय होणार, हा युक्तिवादही टिकत नाही. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या शोभिवंत माशांच्या व्यापारात आढळलेला मार्बल्ड क्रेफिश ही जातच फक्त माद्यांची आहे. नराशिवाय ती अंडी घालते आणि त्यांतून पिल्लं होतात. मादागास्करमध्ये तिने भराभर पाय पसरले.

मग पाळण्यावर सरसकट बंदीच का नको? आज घरोघरी असलेल्यांवर अचानक बंदी आली तर घाबरलेले मालक रातोरात ते नदीत सोडतील. जपानने हा धोका ओळखून २०२३ मध्ये लाल क्रेफिशची विक्री आणि मोकळ्या पाण्यात सोडणं बेकायदा ठरवलं, पण घरी असलेला सांभाळायला मुभा दिली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांचं नियमन करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. तो क्रेफिशसाठी वापरावा. विक्रीवर नियंत्रण आणावं, नकोसा झालेला क्रेफिश परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक करावं आणि मत्स्यव्यवसाय विभागाने दुकानांतून मराठीत सूचना लावाव्यात. तोवर पहिलं काम पाळणाऱ्याचं आहे: आज रात्री दिवा मालवण्याआधी झाकणाची क्लिप आणि नळीजवळची फट तपासून घ्या, आणि कंटाळा आला तरी क्रेफिश नदीत सोडू नका.