मते नकोत म्हणणारा अध्यक्ष

आज पिकाचे सोडून गावकारभाराचे सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेल नावाचे चिमुकले शहर आहे. वस्ती जेमतेम तीन-सव्वातीन हजार. आपल्याकडे त्याला खेडेच म्हणतील. १९१६ साली तेथे नगरपालिका झाली. १९२२ च्या निवडणुकीत पेरी न्यूबेरी या लेखकाने जाहीरच केले, की ज्यांना गावाची गजबजलेली पेठ करायची आहे त्यांनी मला मत देऊ नये. गडी निवडून आला, अध्यक्षही झाला! पुढे १९२९ च्या नियमाने तर व्यापाराला राहत्या वस्तीपेक्षा खालची पायरी दिली.

पण नियमांचाही अतिरेक होतो. हातात घेऊन खायचे आइस्क्रीम विकायलाही बंदी आली. १९८६ साली सिनेनट क्लिंट ईस्टवूड महिना २०० डॉलर मानधनावर नगराध्यक्ष झाला आणि ती बंदी उठली. मला मात्र त्याचे दुसरेच काम मोलाचे वाटते, जरी ते पदाचे नव्हते. पूर्वी दुधाचा धंदा चाललेल्या २२ एकरांवर इमारती उठणार होत्या. त्याच वर्षी त्याने ती जमीन पदरच्या पैशाने विकत घेतली. तिथल्या कुरणात मेंढ्या चरतात.

तुमच्या गावचे गायरान किती एकर उरले आहे? येत्या ग्रामसभेत उतारा मागून पाहा.