चांद्रयान ‘संथ’ होते म्हणे!

‘अपोलो-11 चार दिवसांत चंद्रावर उतरले, चांद्रयान-3 ला चाळीस लागले’ ही ‘थक्क करणारी माहिती’ अजूनही फिरते. त्यातला उपहास निव्वळ अज्ञानमूलक आहे. 1 ऑगस्ट 2023 रोजी पृथ्वीची कक्षा सोडताना या ‘संथ’ यानाचा वेग सेकंदाला 10 किलोमीटरांहून अधिक होता. बंदुकीची गोळी एक किलोमीटरच्या आसपासच घुटमळते. सॅटर्न-5 चे वजन 2,900 टनांच्या घरात, आपल्या एलव्हीएम-3 चे 640. म्हणून टप्प्याटप्प्याने पृथ्वीजवळ, वेग सर्वाधिक असताना, इंजिन पेटवून कक्षा लांबवली गेली. तेथे तेवढ्याच इंधनातून अधिक ऊर्जा पदरी पडते. विद्यार्थ्यांनो, सरासरी काढून हिणवण्यापूर्वी ओबर्थ परिणाम तरी वाचा! आणि झटपट पोहोचलेले लूना-25 आदळले म्हणून टाळ्या पिटणारेही तितकेच उथळ. त्याचे इंजिन 84 ऐवजी 127 सेकंद चालू राहिले होते.