तोंडीचे वीस गुण : खैरात नको, हिशेब हवा

दहावीचा निकाल लागला की शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवरून दोन पक्ष भांडू लागतात. एक म्हणतो, ही खैरात बंद करा. दुसरा म्हणतो, गरिबाचं पोर त्यावरच तरतं, हात लावू नका. दोघांनाही न्याय हवा आहे आणि दोघांचीही वाट चुकली आहे.

पहिल्या पक्षाच्या मनासारखे २०१९ साली झाले. राज्य मंडळाने भाषा आणि समाजशास्त्रांचे हे वीस गुण काढले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० वर आला. निकालाला सूज होती, हे मान्य. पण मूल वाचते कसे, बोलते कसे, ऐकून काय समजते, हे लेखी पेपरात कुठे कळते? परीक्षेत ज्याला जागा नाही, ते वर्गात शिकवणार कोण? शिवाय सीबीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण शाबूत होते आणि अकरावीच्या गुणवत्ता यादीत सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी पडणार होती. ओरड झाली, पुढच्या परीक्षेपासून गुण परतले. ते देण्याची रीत मात्र जुनीच राहिली.

आता दुसरा पक्ष. शाळेने वीसपैकी वीस दिले की उत्तीर्ण व्हायला लेखीत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. यात गरिबाचे भले कसले? त्याला वाचता येत नाही, हे गुणपत्रिकेने झाकले. अकरावीत ते उघडे पडते, तेव्हा मदतीला कोणी नसते. उलट ज्या शाळेने प्रामाणिकपणे चौदा दिले, तिची मुले प्रवेशाच्या कटऑफला मागे पडतात. प्रामाणिकपणाचा दंड विद्यार्थ्याने भरायचा, असा हा उफराटा न्याय आहे.

‘शिक्षक मुलांना ओळखतात, विश्वास ठेवा,’ असेही सांगितले जाते. मुळात ओळख हीच अडचण आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलांच्या जाती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून लिहिल्या होत्या. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्यांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण कटऑफला अर्धा गुणही भारी पडतो. यात शिक्षकांना दुष्ट ठरवायचे कारण नाही. नजर नकळत झुकते, म्हणूनच मंडळ लेखी उत्तरपत्रिकेवर नाव लिहू देत नाही, तपासणीवर नियामक नेमते, छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा हक्क देते. मग वीस गुणांनाच ही शिस्त का नको?

तेव्हा गुण ठेवावेत, पण त्यांचा हिशेब मागावा. कशाला किती गुण, हे जूनमध्येच फळ्यावर लागावे. वाचन-संभाषणाचे ध्वनिमुद्रण शिक्षकाच्या मोबाइलवर व्हावे आणि त्यातले निवडक नमुने दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी नाव न कळता ऐकावेत. एखादी शाळा सातत्याने सैल किंवा कडक निघाली, तर मंडळाने तिचे गुण सारखे करून घ्यावेत. प्रकल्प वर्गातच व्हावा. दुकानातून विकत आणलेल्या थर्माकोलला गुण नकोत. आणि ‘मला बारा का?’ असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळावे.

शिक्षकांवर आधीच निवडणुकांचे आणि सर्वेक्षणांचे ओझे आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय ती कामे कमी करण्याचा आहे, मूल्यमापन सोडून देण्याचा नव्हे. मुलाचे बोलणे ऐकून त्याला गुण देणे, हे तर शिक्षकाचे स्वतःचे काम आहे.