'दर्जेदार' पर्यटक आणि चुलीचा गुन्हा

गोव्याच्या पर्यटन व्यवसायाने गेल्या काही वर्षांत एक शब्द प्रतिष्ठित केला आहे: 'दर्जेदार पर्यटक'. मंत्र्यांच्या भाषणांपासून हॉटेलमालकांच्या निवेदनांपर्यंत सर्वत्र त्याचा घोष चालू आहे. गोव्याला गर्दी नको, दर्जा हवा, असे सांगितले जाते. हा दर्जा मोजण्याचे माप कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही. ते माप शिष्टाचाराचे असते, निसर्गाविषयीच्या आस्थेचे असते, तर त्याला विरोध करण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात ते माप पाकिटाचे आहे. याचा पुरावा पाहावयाचा तर कळंगुटच्या किनाऱ्यावर मुक्कामाला येणाऱ्या दोन वाहनांकडे पाहावे.

पहिले वाहन म्हणजे कॅराव्हॅन. पुण्याहून किंवा बेंगळुरूहून निघालेले हे चाकांवरचे घर. आत पलंग, शेगडी, शीतपेटी आणि शौचालय. दिवसाचे भाडे हजारो रुपयांत. दुसरे वाहन म्हणजे सोलापूर, बेळगाव किंवा गदगहून वर्गणी काढून ठरविलेली खासगी बस. तीत यंत्रमाग कामगार असतात, गवंडी असतात, लहान दुकानांतील नोकर असतात, त्यांची बायकामुले असतात. हॉटेलच्या एका खोलीचे एका रात्रीचे भाडे म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची मजुरी. म्हणून ती माणसे तांदूळ, पातेली आणि गॅसची शेगडी बरोबर घेऊन येतात. कोठेतरी सावलीत भात शिजवतात आणि रात्री बसच्या बाकांवर अंग टाकतात. दोन्ही वाहनांतील माणसे एकच गोष्ट करीत असतात. ती आपल्या वाहनाजवळ शिजवतात, वाहनात झोपतात आणि सकाळी समुद्र पाहून पुढे जातात. पण कायद्याच्या लेखी पहिल्याचा तो 'अनुभव' आहे आणि दुसऱ्याचा अपराध.

हा आरोप हवेतला नव्हे. गोव्यात पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा व देखभालीचा कायदा 2001 मध्ये झाला. 2019 च्या दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे आणि स्वयंपाक करणे दंडनीय ठरले. दंड एका व्यक्तीस 2,000 रुपये आणि समूहास 10,000 रुपये. 2022 मध्ये पर्यटन खात्याच्या आदेशाने ही रक्कम 50,000 रुपयांपर्यंत चढविली, आणि 2025 च्या दुरुस्तीने कमाल मर्यादा एक लाखावर नेली. 2024 मध्ये कळंगुट ग्रामपंचायतीने गावात येणाऱ्या पर्यटकांवर प्रवेशकर बसविण्याचा ठराव केला. त्यातही हॉटेलचे आरक्षण दाखवील त्याला मोकळा रस्ता, दाखवू शकणार नाही त्याने कर भरावा, अशी योजना होती. ज्याच्यापाशी कमी आहे त्याच्याकडून घ्यावयाचे आणि ज्याच्यापाशी आहे त्याला सोडावयाचे, असा हा करशास्त्राचा उलटा सिद्धांत आहे!

आता दुसरी बाजू पाहावी. शेजारच्या महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. नोंदणी केलेल्या कॅराव्हॅन व कॅराव्हॅन पार्क चालकांना करांत व शुल्कांत सवलतींची दारे उघडली. केरळनेही त्याच वर्षी असेच धोरण आणले. चाके असलेल्या स्वयंपाकघराला सार्वजनिक तिजोरीतून साहाय्य आणि चाके नसलेल्या शेगडीला दंडाची पावती! दोन राज्यांची ही दोन धोरणे परस्परविरोधी भासतात खरी; पण त्यांच्या मुळाशी एकच वर्गदृष्टी आहे.

यावर कळंगुटच्या रहिवाशांचा एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. रस्त्याकडेला टाकलेले खरकटे, वाळूत रुतलेल्या फुटक्या बाटल्या, कुंपणाआड केलेली घाण यांचा त्रास त्यांनाच भोगावा लागतो. 2011 च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांची वस्ती असलेल्या या राज्यात 2024 मध्ये एक कोटीहून अधिक पर्यटक आले. पाणी, रस्ता आणि कचरा यांवर त्याचा भार पडणारच. परंतु तारांकित हॉटेलांचाही कचरा असतो, आणि तो माणशी अधिकच असतो. त्यासाठी साळगावला 2016 पासून सार्वजनिक खर्चाने उभारलेला प्रक्रिया प्रकल्प चालू आहे. तेथे हॉटेलवाल्याचा कचरा ही शासनाची जबाबदारी ठरते, आणि बसमधून आलेल्या मजुराचा कचरा मात्र त्याच्या संस्कृतीचा दोष ठरतो. त्याच्यासाठी पुरेशी शौचालये, नळ, कचराकुंड्या आणि स्वयंपाकाचा एखादा ओटा बांधल्यावरही त्याने घाण केली, तर दंड अवश्य करावा. सोय न देता दंड करणे म्हणजे गरिबीलाच दंड करणे होय.

गोव्याच्या जनतेची पर्यटनविरोधी चळवळ पूर्वी याहून डोळस होती. 1970 च्या दशकात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला, तो किनारा आणि समुद्र भांडवलदाराच्या मालकीचा होऊ नये म्हणून. 1987 मध्ये जागृत गोंयकारांची फौज दाबोळी विमानतळावर परदेशी चार्टर विमानांच्या प्रवाशांना शेणाने सामोरी गेली. तो मार्ग कोणाला रुचो वा न रुचो, त्या रोषाचे लक्ष्य गावाचे पाणी आणि वाळू गिळणारे बडे हॉटेल होते. आज तोच रोष वरून खाली वळविण्यात आला आहे. पाणी ओढणारा जलतरण तलाव सुरक्षित राहिला आणि राग बसमधल्या पातेल्यावर निघाला. हॉटेलमालकांना याहून सोयीचे काय असू शकते?

समाजवादी कार्यकर्त्यांनी येथे एक इतिहास आठवावा. सुट्टी आणि सहल ही श्रमिकाला कोणी दान दिलेली नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये लोकआघाडीचे सरकार आले आणि संपकरी कामगारांच्या रेट्यामुळे दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला. पण असंघटित मजुराच्या वाट्याला तोही आला नाही. तो बुडालेल्या मजुरीच्या मोलाने चार दिवस विकत घेतो. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर कॅराव्हॅनचे तळ ही साध्या कामगार कुटुंबांची स्वस्त सुट्टी होती. तेच वाहन येथे येताना धनिकांचे मिरविण्याचे साधन होऊन आले, यात दोष वाहनाचा नाही. ज्या समाजरचनेत ते आले तिचा आहे.

कॅराव्हॅन या शब्दाला मराठीत जुना प्रतिशब्द आहे: तांडा. या देशात घर पाठीशी घेऊन फिरणाऱ्यांना राज्यकर्त्यांनी कसे वागविले? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पोलिसांची नजर बदलली नाही. लमाणांचे पूर्वज गोव्याचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर नेत. त्यांच्याच लेकी-सुना आज कळंगुट-बागाच्या वाळूत मण्यांच्या माळा आणि कशिद्याच्या पिशव्या विकतात, आणि पर्यटकांना उपद्रव होतो म्हणून पिटाळल्या जातात. खरा तांडा किनाऱ्यावरून हाकलावयाचा आणि भाड्याच्या तांड्याला पायघड्या घालावयाच्या, हा या 'दर्जा'चा अर्थ आहे.

तेव्हा मागणी कॅराव्हॅनवर बंदीची नसावी. तशी मागणी पोरकट ठरेल. मागणी समान न्यायाची हवी. कॅराव्हॅन पार्कांना सार्वजनिक सवलती देण्याआधी प्रत्येक किनारी गावात स्वस्त यात्री निवास, शौचालये, पिण्याचे पाणी आणि सामुदायिक स्वयंपाकाचे ओटे बांधले जावेत. त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या हॉटेलांवरील करातून उभा करावा. वाहनतळ असो वा पार्क, ज्या वाळूवर होड्या ओढल्या जातात, जाळी विणली जातात आणि मासळी वाळते, तिला हात लावण्यापूर्वी मच्छीमारांची आणि ग्रामसभेची संमती घेतली जावी. किनाऱ्यावरील फेरीवाल्या स्त्रियांना 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नोंदणी व संरक्षण मिळावे.

या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी दोन ठिकाणी जावयास हवे: कळंगुटच्या ग्रामसभेत आणि सोलापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीत. गावकऱ्याला त्याचा खरा प्रतिस्पर्धी दाखवून द्यावयाचा आहे. मजुराला किनारा स्वच्छ राखण्याचे कर्तव्य आणि किनाऱ्यावर येण्याचा हक्क, दोन्ही सांगावयाचे आहेत. ही दोन माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत राहिली, तर समुद्र त्या दोघांचाही राहणार नाही.