डेस्कटॉप आपला, सेटिंग कुणाचं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात कम्प्युटरच्या सेटिंगवर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. कथा, कविता, समीक्षा सोडून हे काय मध्येच? पण माझं म्हणणं असं आहे की आदिलाबादसारख्या जिल्ह्यात मराठी लिहिली जाणार की नुसती बोलली जाणार, हे आता बऱ्याच अंशी डेस्कटॉपवर ठरतंय. मराठीला इथे कुणी हाकलून लावलेलं नाही. कम्प्युटर घरी आला, दुकानदाराने चालू करून दिला, त्यात इंग्रजी होतं, ते तसंच राहिलं. बस, एवढंच झालं. आपण कधी सेटिंग उघडलंच नाही.

आपला जिल्हा मुळात अनेक भाषांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सोयरीक मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांवर तशीच राहिली. आजही बेला, जैनथ या भागांत घरी मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात तेलुगूसोबत उर्दू, आणि थोडं आत गेलं की गोंडी आणि कोलामी. एकाच घरात आजोबा मराठी वाचणार, नातू तेलुगू माध्यमात शिकणार. अशा घराला जसा पाहिजे तसा कम्प्युटर कुठल्याच कारखान्यातून तयार होऊन येत नाही. तो आपला आपल्यालाच लावून घ्यावा लागतो.

नाही लावला तर काय होतं? आडनावाचंच उदाहरण घेऊ. 'काळे' हे आडनाव इंग्रजीत लिहिलं की त्यातला 'ळ' जातो, कारण इंग्रजीत तो अक्षर म्हणून नाहीच. मग त्या इंग्रजीवरून तेलुगू होतं आणि तिथे 'काले' उमटतं. गंमत बघा, 'ळ' मराठीत आहे, तेलुगूतही आहे, हरवतो तो मधल्या इंग्रजीत. एका कागदावर काळे, दुसऱ्यावर काले, आणि मग दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला खेटे घालायचे. ज्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही टाइप करता येतं, त्याने नाव थेट लिहिलं तर हा घोळ निदान त्याच्या हातून तरी होत नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग 'टाइम अँड लँग्वेज', मग भाषेचं पान. तिथे 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी शोधायची, घ्यायची. तसंच तेलुगू. विंडोजची पानं इंग्रजीतच ठेवायची असतील तर 'डिस्प्ले लँग्वेज'ची खूण लावू नका. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर विंडोजची 'सिंगल लँग्वेज' आवृत्ती येते. ती पाहून लोक म्हणतात, "यात मराठी होत नाही." तसं नाही. तिथे बंधन आहे ते मेनूच्या भाषेवर. कीबोर्ड हवे तेवढे जोडता येतात. जोडले की विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायचा, भाषा बदलते. कोपऱ्यात चालू भाषेचं नाव दिसतं, तिकडे एक नजर ठेवायची.

कीबोर्ड कोणता, यावर वाद होतो. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आला. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, मराठी उमटतं. सोपा आहे, सुरुवातीला बरा आहे. पण आदिलाबादच्या मुलांनी इनस्क्रिप्टच शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली ही पद्धत आपल्या लिपींच्या वर्णमालेवर बेतलेली आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. आणि मुख्य म्हणजे मराठीत 'क' जिथे आहे तिथेच तेलुगूतही 'क' आहे. 'ल' आणि शिफ्ट धरून 'ळ', दोन्ही भाषांत एकाच कळीवर. म्हणजे बोटांनी एकदा शिकायचं आणि दोन लिप्या लिहायच्या. पुण्या-मुंबईच्या मुलाला याचा फारसा फायदा नाही. आपल्याला पुरेपूर आहे. सीमेवर राहण्याचा त्रास आपण नेहमी सांगतो, हा लाभ मात्र कुणी सांगत नाही.

आपल्या अंकासाठी लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. 'दुसऱ्या' हा शब्द पुष्कळदा 'दुसर्या' असा येतो आणि रफार 'या'च्या डोक्यावर जाऊन बसतो. तिथे नेहमीचा 'र' चालत नाही, 'ऱ' लागतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे'ची कळ, मग 'डी', मग स्लॅश. झालं 'ऱ्य'. तीन कळा आहेत. त्या माहीत नसल्यामुळे लोक शब्दच बदलून टाकतात, हे वाईट वाटतं.

बिघाडांचंही तसंच आहे. काहीतरी वेगळं दिसलं की "कम्प्युटर खराब झाला, फॉरमॅट मारावा लागेल" हे ठरलेलं वाक्य. खरं तर बहुतेक वेळा काहीच खराब झालेलं नसतं. जुनी मराठी फाइल उघडली आणि इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसला, तर ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली असणार. तो फाँट टाकला की वाचता येते, आणि युनिकोडमध्ये बदलून घेतली की कुठेही उघडते. सगळं पुन्हा टाइप करत बसू नका. उर्दू कीबोर्ड जोडलेला असेल आणि मराठी ओळ अचानक उजवीकडे पळाली, तर कंट्रोलसोबत उजवी शिफ्ट चुकून दाबली गेली असेल. कंट्रोल आणि डावी शिफ्ट दाबा, ओळ परत येते. डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन गायब? मोकळ्या जागी राइट क्लिक, 'व्ह्यू', आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर खूण. अक्षरं बारीक वाटतात? डिस्प्लेमध्ये 'स्केल' १२५ किंवा १५० करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना कम्प्युटर जमत नाही असं आपण म्हणतो, पण कित्येकदा त्यांना नुसतं दिसत नसतं. कम्प्युटर रोज जुनी तारीख दाखवतो आणि वेबसाइट सुरक्षेचा इशारा देते? आतला नाण्याएवढा सेल संपला असेल, तो बदलायचा.

एक ताकीद मात्र. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल साधारणपणे सी ड्राइव्हमध्येच असतात. फॉरमॅट मारणारा आधी सी ड्राइव्हच पुसतो. म्हणून प्रोजेक्ट, फोटो, कविता दुसरीकडे, निदान पेनड्राइव्हवर तरी ठेवा.

कुणी म्हणेल, मोबाईलवर बोललं की मराठी उमटते, मग हा खटाटोप कशाला? निरोपापुरतं ते ठीकच आहे. पण दहा पानी निबंध, अर्ज, बायोडेटा, ग्रामसभेचा ठराव हे बोलून होत नाही. बसून लिहावं लागतं, खोडावं लागतं, पुन्हा लिहावं लागतं. ज्या भाषेत असं बसून लिहिणं थांबतं, ती हळूहळू निरोपांपुरतीच उरते.

काही लॅबमध्ये मी पाहिलंय की विद्यार्थ्याने काहीही बदललं तरी कम्प्युटर पुन्हा चालू केला की सगळं पुसलं जातं. मुलं बिघडवतात, व्हायरस येतात, ही लॅबवाल्यांची अडचण खरी आहे. पण मग निदान मराठी, तेलुगू, उर्दू हे तीन कीबोर्ड तरी आधीच कायमचे लावून ठेवावेत. जिथे जमेल तिथे प्रत्येकाला वेगळं यूजर खातं द्यावं. एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या अंगावर येत नाही, आणि 'मराठी कुणी टाकली इथे?' हे भांडणही होत नाही.

हे जमेल का, असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत आली. 'गुंजाळा गोंडी' या नावाने आपल्या एका गावाचं नाव जगाच्या लिपींच्या यादीत गेलं. पण नोटो मालिकेतला तिचा फुकट फाँट टाकला नसेल, तर त्याच गावातल्या कम्प्युटरवर तिच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात. जगाने जागा दिली तरी घरातली जागा आपल्यालाच करावी लागते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि मराठीचं तर काय सांगावं! मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली पुस्तकं पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतः छापखाना घातला, मराठीचे खिळे तयार केले आणि १८३१ साली पंचांग छापलं. त्यांना धातू वितळवावा लागला. आपल्याला दोन-चार ठिकाणी क्लिक करायचंय.

तेव्हा मित्रहो, मंडळाला माझी एक साधी सूचना आहे. यंदा काव्यवाचनाच्या जोडीला एक दुपार लॅबमध्ये ठेवा. ज्याला येतं त्याने शेजारच्याला शिकवायचं, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने तो आणायचा. तेलुगू आणि उर्दू लिहिणाऱ्या मित्रांनाही बोलवा. इनस्क्रिप्टच्या कळांचा एक तक्ता भिंतीवर चिकटवा. संध्याकाळी जाताना प्रत्येकाने आपलं नाव, आडनाव आणि गावाचं नाव स्वतःच्या बोटांनी मराठीत टाइप करून दाखवायचं. काळे असाल तर 'ळ'सकट.